मानाचे विषय

आकाशवाणी चौकात केळीचा ट्रक आडवा आला, मी ब्रेक दाबला आणि पाठीत टक्क करून काहीतरी आपटलं. ते भूमिकाचं हेल्मेट होतं. ब्रेक लागला की मागच्याचं हेल्मेट आपटतंच, त्यात नवल नाही. पण आपटलेलं हेल्मेट पुन्हा मागे जातं. हे गेलं नाही. माझ्या दोन खांद्यांच्या मधोमध टेकून राहिलं. मला वाटलं, पोरगी रागावली. मग वाटलं, रागावलेलं माणूस टेकून कशाला बसेल. तेवढ्यात शेजारच्या रिक्षावाल्याने पान थुंकायला काढलेली मान तशीच बाहेर ठेवली आणि मला सांगितलं, "भाऊ, पोरगी झोपेल आहे मागे." जळगावात माणसं तुम्हाला न विचारता पत्ता सांगतात, तसं त्याने सांगितलं आणि मग निवांतपणे थुंकला. ट्रक गेला. मागच्यांनी हॉर्न लावले. मी मात्र पाय टेकून तसाच उभा होतो, कारण स्कूटर हलली तर ती पडेल की काय ते मला कळत नव्हतं.

शेवटी डाव्या हाताने तिचं मनगट माझ्या पोटाशी धरलं आणि एका हाताने स्कूटर हाकायला लागलो. बैलगाडीने ओव्हरटेक करावं असा तो वेग. सप्टेंबरचं ऊन, जळगावचं ऊन, म्हणजे मे महिन्याने परत जाताना उंबऱ्यावर विसरलेलं काहीतरी. तिचं मनगट घामाने ओलं होतं आणि बारीक होतं. दहावीला असताना एवढं बारीक नव्हतं. नंतर वाटलं, मनगट कोण कशाला मोजतो, आपल्याला आठवत नाही इतकंच. सकाळी कॉलेज, तिथून दुपारची जेईईची बॅच, तिथून संध्याकाळची नीटची बॅच, रविवारी सकाळी स्पर्धा परीक्षेचं फाउंडेशन. आत्ता आम्ही दुपारच्या बॅचकडून संध्याकाळच्या बॅचकडे निघालो होतो. इंजिनिअर, डॉक्टर आणि कलेक्टर अशा तिन्ही दिशांना माझी मुलगी एकाच वेळी निघाली होती आणि सध्या माझ्या पाठीवर झोपली होती.

मी एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. दिवसभर माझं काम एकच, ट्रक भरताना वेळेवर "बस" म्हणणं. चटई वजनाला हलकी, पण जागा खाते. एकेक थप्पी उचलून बघितली तर काही नाही, पोरगंही उचलेल. थप्पीवर थप्पी चढत गेली की गाडी पुलाखालून जात नाही. हे मला इतकं नीट कळतं की डोळे मिटून सांगेन, आमच्या ड्रायव्हर मोतीलालची गाडी कुठे अडकेल आणि दुसऱ्याची कुठे. हमाल म्हणतात, साहेब एक चढवू का, जागा आहे. मी म्हणतो, बस. मालक म्हणतात, प्रेमराज, एक थप्पी राहिली रे. मी म्हणतो, बस शेठ. कारखान्यात माझा शब्द म्हणजे शब्द. फाटकाबाहेर पडलो की तोच शब्द माझ्या तोंडातून का येत नाही, याचा मी कधी विचारच केला नव्हता. म्हणजे त्या दिवशी, मनगट धरून, पहिल्यांदा केला.

आमच्याकडे, म्हणजे एरंडोलजवळच्या आमच्या गावाकडे, पंगतीला बसलेल्याने "पुरे" कसं म्हणायचं याची रीत आहे. पहिलं पुरे म्हणजे आणा. दुसरं पुरे म्हणजे थोडं आणा. तिसरं पुरे ताटावर दोन्ही हात आडवे धरून, जवळजवळ ताटावर झोपून म्हणायचं असतं, तेव्हा कुठे वाढणारी पुढे सरकते; तीही बोटांवर दोन थेंब सांडून, म्हणजे आपलाही मान राहिला. मला पहिलंच पुरे नीट म्हणता येत नाही. वाढणाऱ्याचं तोंड बघितलं की माझा हात आपोआप मागे सरतो. लग्नानंतरच्या पहिल्या अधिक मासात सासऱ्यांनी पाचोऱ्याला धोंड्याचं जेवण केलं, तेव्हा अनारसे किती झाले ते मी मोजले नाहीत, पण सासूबाई मोजत होत्या आणि त्यांचा चेहरा आनंदाकडून काळजीकडे जाताना मी पाहत होतो, आणि तरी खात होतो. संध्याकाळी डॉक्टर आणावा लागला. पण सासऱ्यांनी, बन्सीलाल आबांनी, ते सगळ्या पाचोऱ्यात अभिमानाने सांगितलं, की जावई खाणारा आहे, नाही म्हणत नाही. त्या कौतुकाने माझा घात केला असं आता वाटतं. माणसाचं कौतुक नेमकं त्याच्या खोडीचं व्हावं, याहून वाईट काही नाही.

आणि मग हा मे महिना. भूमिकाचा दहावीचा निकाल लागला, त्र्याण्णव टक्के, आणि नानाने गावी जेवण ठेवलं. नाना म्हणजे माझा थोरला भाऊ सुकदेव. बाप गेल्यापासून तोच बाप. ताईबाई वहिनी खापरावर मांडे टाकत होती, पातेल्यात रस, पंगतीत आम्ही. धुळ्याहून माझी बहीण पुष्पाक्का आली होती, पाचोऱ्याहून आबा आले होते. भूमिका मध्ये बसली होती, नव्या ड्रेसात, रस सांडू नये म्हणून कोपर वर धरून. रस वाढता वाढता नाना त्याच्या अहिराणीत म्हणाला, "पोर हुशार शे. बायोलॉजी सोडानी नही. बठ्ठा भाऊबंदमा एक बी डाक्टर नही शे." मी म्हटलं, बरं नाना. लगेच पुष्पाक्का म्हणाली, "ते मराठीबिराठी नको घेऊ बाई, आयटी घे. आमच्या शेजारच्या पोराला पैकीच्या पैकी पडले आयटीत." मी म्हटलं, बरं अक्का. भूमिका आबांच्या पाया पडली आणि आबा म्हणाले, "कलेक्टर हो." मी म्हटलं, बरं आबा. कोणी काही वाढलं की ताट पुढे करायचं, एवढंच मला ठाऊक. त्या वेळी मनात होतं ते असं, की नानाचं ऐकलं आणि अक्काचं नाही तर अक्काला वाईट वाटेल. अक्काचं ऐकलं आणि आबांचं नाही तर ते पाचोऱ्याला जाऊन काय सांगतील. लग्नात एका पाहुण्याला टॉवेल-टोपी दिली आणि दुसऱ्याला नुसता नारळ, तर तो पाहुणा वीस वर्षं बोलत नाही. म्हणून मी सगळ्यांना सारखा मान दिला. नानाच्या मानाचं बायोलॉजी आणि त्याची नीटची बॅच. अक्काच्या मानाचं आयटी. आबांच्या मानाचं रविवारचं फाउंडेशन. गणित आणि त्याची जेईईची बॅच कोणाच्या मानाची, ते मी कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. फिजिक्स, केमिस्ट्री आणि इंग्रजी हे पंगतीत आधीच वाढलेलं मीठ-लिंबू.

क्लासपाशी स्कूटर थांबली तेव्हा ती जागी झाली. हेल्मेट काढलं, गालावर हेल्मेटच्या पट्ट्याचा वळ उठला होता. "झोप लागली होती का?" मी विचारलं. "नाही, डोळे मिटले होते फक्त." "हं." "मेंडेलचं मनात म्हणत होते." "हं," मी पुन्हा म्हणालो. ती जिन्याने वर गेली. जिन्यावर तिच्यासारखीच पोरं होती, सगळ्यांच्या पाठीवर तसलीच दप्तरं, सगळी किंचित पुढे वाकलेली. वाटलं, वर काहीतरी फुकट वाटतायत आणि ही सगळी तिथे घाईने चाललीयत. वळणावर ती थांबली, कठड्याला धरून एक क्षण डोळे मिटले आणि मग चढली. मला ते दिसलं हे तिला दिसलं नाही. भीती वाटली, सरळ भीती. हिला काही होईल, आणि ते मी सगळ्यांना खूश ठेवण्यात केलेलं असेल.

घरी आल्यावर दिपमाला भाजी निवडत होती. मी तिला सांगितलं की पोर स्कूटरवर झोपली. ती म्हणाली, "परवा आंघोळीला बसल्या बसल्या झोपली होती. पाणी वाजेना म्हणून मी दार वाजवलं. तुम्हाला सांगितलं होतं." सांगितलं असेल. "एखादा विषय काढून टाका आता," ती म्हणाली, "कॉलेजात महिनाअखेरपर्यंत बदलता येतो, मी चौकशी केलीय." मी म्हटलं, "कोणाचा काढू?" तिने शेंगेवरून नजर वर केली. "कोणाचा म्हणजे?" मी समजावून सांगायला लागलो, की बायोलॉजी काढलं तर नानाला काय वाटेल, आयटी काढलं तर अक्का, आणि फाउंडेशन तर तुझ्याच वडिलांचं. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा लांब होत गेला आणि मग एकदम हसायलाच लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो, पोरीला अकरावीत घातलंय की तुम्ही तिचं लग्न काढलंय? पाहुण्यागणिक विषय!" मी म्हटलं, तुला हसू येतंय, पण विचारल्याशिवाय कसं काढणार? ती म्हणाली, "मग विचारा. पण पोर उभी आहे तोवर विचारा."

फोनवर विचारण्यासारखी गोष्ट नव्हती ती. दिलेला मान परत घ्यायचा तर समोर बसून घ्यावा लागतो. रविवारी मी एक टॉवेल, एक टोपी आणि नारळ पिशवीत घालून गावाकडे निघालो. वाटेत शब्द जुळवत होतो. नाना, तुमच्या शब्दाबाहेर नाही, पण. नाना, डॉक्टर होणं देवाच्या हाती, पण. प्रत्येक वाक्य "पण"पाशी येऊन अडत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस उभा होता, हिरवागार, बोंडं अजून मिटलेली, आणि मला उगाच वाटलं की सगळं रान नानाचं आहे आणि माझ्याकडे बघतंय. लहानपणी नाना मला खांद्यावर घेऊन नाल्यापलीकडच्या शाळेत सोडायचा. त्याने स्वतःची शाळा सातवीत सोडली. ते आठवून माझा धीर आणखी खचला. अशा माणसाने घरात एक डॉक्टर मागितला, फक्त एक, आणि मी पिशवीत टोपी घालून नाही म्हणायला चाललो होतो.

नाना ओट्यावर बसला होता. पिशवीतून टॉवेल-टोपी निघालेली पाहून तो सावरून बसला. "कसाले लई उना रे हाई? कोनं लगीन शे?" मी म्हटलं, "लगीन नाही नाना. ते भूमिकाच्या बायोलॉजीचं बोलायचं होतं." "कसानी बायोलॉजी?" मी म्हटलं, तुम्ही म्हणाला होता ना मेमध्ये, सोडू नको म्हणून. नाना माझ्याकडे बघत राहिला, मग वर पत्र्याकडे बघितलं, तिथेही त्याला काही आठवलं नाही. "मी? मी कव्हय बोलनू?" आतून ताईबाई वहिनी ओरडली, "तुम्हीच बोलनात! रस वाढतांना!" नानाने हात झटकला. "अरे, जेवाले बठेल माणूसले आखो ले, आनखी ले म्हनतसच. आपलं काम म्हननं शे. तू हात आडा धराले पाहिजे व्हता!" मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला डॉक्टर नको?" नाना चिडला. "डाक्टर कोले नको? तुन्ही पोर व्हयी त व्हयी, नही त नही. पोरना जीव मोठा की डाक्टर मोठा? आनी तू इतला दिन तिले पळाडी ऱ्हायना, कसाकरता, तर मी रस वाढतांना काहीतरी बोलनू?" मग तो हसला, दिपमालासारखाच, पण पदर नसल्यामुळे मोठ्याने. टोपी उचलून त्याने माझ्याच डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "ले. तुन्हाच मान शे हाऊ."

टोपी घालून मी जेवायला बसलो, कारण जेवल्याशिवाय कोणी सोडत नाही. कळण्याची भाकरी आणि उडदाची डाळ. वहिनीने डाळ वाढली. मी खाल्ली. तिने पुन्हा पळी आणली. मी म्हटलं, या क्षणापासून सुरुवात करायची, आणि वाटीवर हात आडवा धरला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणालो, "पुरे वहिनी." वहिनीने एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, एकदा नानाकडे पाहिलं आणि पळी तशीच ओतली, बोटांवरून. डाळ गरम होती. मी हात काढला. तिला बिचारीला कसं कळणार, प्रेमराज खरंच म्हणतोय ते. त्याने हा शब्द आधी कधी वापरलाच नव्हता. मी तीही वाटी संपवली.

परतताना मात्र माझं अंग हलकं झालं होतं, पोट सोडून. एरंडोलला चहाला थांबलो आणि तिथूनच अक्काला धुळ्याला फोन लावला. आता फोन चालेल असं वाटलं. अक्का म्हणाली, "आयटी? मी कशाला सांगू बाई, मला काय कळतं त्यातलं. मी त्या शेजारच्या पोराचं सांगत होते. तो आता बापाच्या भांड्यांच्या दुकानात बसतो." मग तिने दहा मिनिटं भांड्यांचे भाव सांगितले. आबांना पाचोऱ्याला लावला. ते तर आधी घाबरलेच, जावयाचा फोन म्हणजे काहीतरी झालं. मी फाउंडेशनचं सांगितल्यावर म्हणाले, "जावईबापू, पाया पडलेल्या प्रत्येक पोराला मी कलेक्टर हो म्हणतो. दिपमालालाही म्हटलं होतं. आता पायाशी आलेल्याला काय तलाठी हो म्हणायचं? आशीर्वाद आहे तो. त्याचा क्लास लावलात तुम्ही?" मी म्हटलं, हो. "नाही म्हणत नाहीत तुम्ही," आबा म्हणाले, आणि या वेळी ते कौतुक नव्हतं.

तिथे, हातात चहाचा ग्लास आणि डोक्यावर टोपी, मी टपरीच्या बाकावर बसून राहिलो. म्हणजे कोणी काही मागितलंच नव्हतं. सगळ्यांनी नुसता आग्रह केला होता. आणि आग्रहाला नाही म्हणणं हा घेणाऱ्याचा भाग, तो मी केला नव्हता. पंगतीत एकट्या माझ्या ताटातलं त्यांना सगळं खपलेलं दिसत होतं, म्हणून आणखी वाढत गेले. फक्त यात ताट माझं होतं आणि खात भूमिका होती. हे मनात आल्यावर चहा कडू लागला. मग वाटलं, झालं ते झालं; आज रात्री जेवताना सांगून टाकू, पोरी, तुला सगळ्यांनी मोकळं केलं. ही बातमी नेण्याच्या आनंदात मी घरापर्यंत टोपी काढायची विसरलो.

भूमिका टेबलाशी बसली होती. रविवारचं फाउंडेशन झालं होतं, आता आमची वेळ. आमची म्हणजे गणिताची. ही रीत ती सहावीत असल्यापासूनची. तेव्हा मी तिला कारखान्यात नेलं होतं आणि तिने ट्रकच्या लांबी-रुंदी-उंचीवरून थप्प्या किती बसतील ते वहीत काढलं, आणि तितक्याच बसल्या. मोतीलालने तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून हॉर्न वाजवू दिला. तेव्हापासून रविवारी आणि मधल्या एखाद्या मोकळ्या संध्याकाळी ती गणितं सोडवते, मोठ्याने बोलत, आणि मी शेजारी बसून "हं" म्हणतो. आधी चुकलं तर सांगायचो. मग ती मला सांगायला लागली. मग नुसतं हं. माझ्या आठवड्यातली सर्वांत चांगली वेळ ही, त्यात कारखाना नाही, भाऊबंद नाहीत, कोणाचा मान नाही. एवढ्या मोठ्या होत चाललेल्या मुलीशी बापाने आणखी काय बोलायचं असतं, मला माहीत नाही. जेवलीस का, पैसे हवेत का, वह्या आहेत का. बाकी सगळं आम्ही गणितात बोलत होतो.

मी सांगितलं, सगळं सांगितलं, नानाचं पत्र्याकडे बघणं, अक्काची भांडी, आबांचा तलाठी. ती हसली, दिपमाला पुन्हा एकदा हसली. मी म्हटलं, "फाउंडेशन बंद. बायोलॉजी उद्या काढून टाकू, नीटची बॅचही." तिचं हसू थांबलं. "बायोलॉजी कशाला? बायोलॉजी मला हवंय." "ते नानाचं होतं ना?" "पप्पा, नानांनी सांगितलं म्हणून नाही. मला आवडतं. मुळाचा छेद काढताना मला वेळ कळत नाही." मी म्हटलं, मग आयटी. "आयटी सोपं आहे, ते राहू द्या. त्यात विश्रांती मिळते." माझ्या मनातल्या थप्प्या मी एकेक उतरवत होतो आणि गाडी काही हलकी होत नव्हती. "मग काढायचं काय?" मी विचारलं. तिने आईकडे बघितलं. दिपमाला उठून स्वयंपाकघरात गेली, काही काम नसताना. भूमिका खूप हळू म्हणाली, "मॅथ्स. आणि जेईई. त्याच्या जागी भूगोल घेता येतो, मी विचारलंय."

माझ्या छातीत टक्क करून काहीतरी आपटलं. गणित? गणितात तिला अठ्ठ्याण्णव होते. गणित कोणी वाढलेलं नव्हतं, गणित आमचं घरचं होतं. मी म्हटलं, "अगं पण ते तर तुला येतं." ती म्हणाली, "येतं. पण रोज रात्री त्याच्यातच सगळा वेळ जातो. मला इंजिनिअर नाही व्हायचं पप्पा." समोर गणिताचं पुस्तक उघडं होतं. तिने त्यावर तळहात आडवा ठेवला, बोटं पसरून, आणि म्हणाली, "पुरे."

पहिलं पुरे म्हणजे आणा. माझ्या तोंडात शब्द तयारच होता आणि तो बाहेरही पडला. "थोडंसं ठेव ना. जेईई काढू, नुसतं गणित राहू दे. चवीपुरतं." मी हे ऐकलं, माझ्याच आवाजात, आणि वहिनीची पळी आठवली. बोटांवर अजून लाल चट्टा होता. भूमिकाने हात हलवला नाही. वर बघितलंही नाही. तिचा अंगठा पुस्तकाच्या कडेवर दाबून पांढरा झाला होता. म्हणाली, "मी मेमध्येच नाही म्हणणार होते. पण तुमचा चेहरा बघितला आणि म्हटलं, राहू दे. पप्पांचं आहे ते."

नाही म्हणता न येणारं माणूस आमच्या घरात मी एकटाच, असं समजत होतो. ही तर माझ्यावर गेली होती. अनारसे खाल्ले असते हिने, डॉक्टर येईपर्यंत. मला खूप वाईट वाटलं आणि खूप प्रेम वाटलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मला डोक्यावरची टोपी काढायचं सुचलं. ती टेबलावर ठेवली. "एक सांगू का?" मी म्हणालो. "मला त्यातलं काही कळत नाही. नववीपासूनच. तुला सोबत म्हणून बसायचो." ती म्हणाली, "माहीत आहे. तुम्ही हं म्हणता ना, ते चुकलेल्या पायरीलाही म्हणता." "मग सांगितलं का नाहीस?" "तुम्हाला आवडायचं बसायला." स्वयंपाकघरात काही काम नसलेली दिपमाला भांडं पाडून हसली. मी भूमिकाचा हात उचलला नाही; हाताखालून पुस्तक हळूच ओढून घेतलं, मिटलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. ते जड होतं. एवढं जड असेल असं मला वाटलं नव्हतं.

सोमवारी कॉलेजात विषय बदलला. खिडकीतल्या माणसाने विचारलं, कारण काय, आणि मी म्हटलं, पुरे झालं. त्याने ते तसंच लिहून घेतलं की काय कोण जाणे. जेईईच्या क्लासमधल्या बाईंनी मात्र मला बसवून घेतलं, पाणी दिलं, आणखी एक महिना तरी ठेवा म्हणाल्या, इतकी हुशार मुलगी, चहा घेणार का म्हणाल्या. तोंड बघवत नव्हतं त्यांचं. मी दोन्ही हात त्यांच्या टेबलावर आडवे ठेवले आणि तीन वेळा नाही म्हटलं, त्यातलं एक चहाला.

दुपारी आता भूमिका घरी येते आणि जेवून झोपते. दार लोटलेलं असतं. मी एकदा जेवायच्या सुट्टीत घरी आलो तर दिपमालाने मला बूट हातात घेऊन आत यायला लावलं. मधल्या खोलीतून तिचा श्वास ऐकू येत होता आणि आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, न बोलता, भाकरी खाल्ली.

मग रविवार आला. सवयीने मी टेबलाशी जाऊन बसलो आणि बसल्यावर आठवलं. उठणं बरं दिसेना म्हणून पेपर उघडला. आता या वेळेचं काय करायचं? वाटलं, बागेत जावं, केस कापून यावेत, नानाला फोन करावा. भूमिका आतून आली. हातात बायोलॉजीची जर्नल, कानामागे पेन्सिल. समोर बसली, पान उघडलं. मुळाचा छेद, गोलात गोल, बारीक बारीक खोल्या. मी पेपर घडी करून उठायला लागलो. "बसा ना," ती म्हणाली. मी म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही गं." "गणितातलं तरी कुठे कळत होतं?" तिने पेन्सिल काढली आणि मोठ्याने वाचायला लागली, की मुळाच्या बाहेरच्या थराला अमुक म्हणतात, त्याच्या आतल्याला तमुक म्हणतात.

"हं," मी म्हणालो.

"इथे नाही पप्पा. वाक्य पूर्ण होऊ द्या."

मी वाक्य पूर्ण होऊ दिलं.